सासऱ्यांचं पेन आणि माझी पक्कड

६ जून, सकाळी
बायको पंधरा तारखेला मुख्याध्यापिका होणार. पहिली सही वडिलांच्या पेनने करायची, हा तिचा हट्ट. सासऱ्यांनी याच पेनने चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. ते गेल्यापासून पेन बंद. ती दुरुस्तीवाल्याकडे निघाली होती. म्हटलं, घरात माणूस असताना बाहेर कशाला? तिने दोनदा विचारलं, नक्की जमेल ना. मी नुसता हसलो. तीन व्हिडिओ पाहिलेत.

६ जून, दुपारी
ओळख पटली. भिंगातून क्लिपवर दोन अक्षरं दिसली, तिसरं झिजलंय. दुर्मीळ परदेशी माल, निब सोन्याची. म्हणूनच सासरे मला हात लावू देत नसत.

७ जून
उघडत नाही. निबेकडचा भाग नळीत घट्ट चिकटलाय. हाताने पिळलं. फडक्यात धरून पिळलं. दातात धरून पिळलं. एक दात हलतोय. गाठ माझ्याशी आहे म्हणावं.

८ जून
पक्कड लावली. नळीवर दातांचे ठसे उमटले, बरेचसे पकडीचे. पॉलिशने जातील. मग टेबलावर आपटलं. जोरात नाही, चार-पाचदाच. टेबलाची काच फुटली. काच जुनीच होती.

९ जून
दुरुस्तीवाल्याकडे गेलो, केवळ दुसरं मत म्हणून. बाजारात जिन्याखाली टेबल टाकून बसतो. म्हणाला, साधं पेन आहे, पूर्वी शाळांत बक्षीस म्हणून वाटायचे, निब पोलादाची, वर मुलामा. पण नळी सेल्युलॉइडची, जाळ दाखवलात तर भसकन पेटेल, इथेच ठेवून जा. आणि सोडेचना. मी ओढलं, त्याने ओढलं, माझं कोपर त्याच्या नाकावर बसलं. रक्त बरंच आलं. शेजारच्या चपलावाल्याने माझी कॉलर धरून मला रस्त्यावर फेकलं. पेन मात्र माझ्याच मुठीत. म्हणजे जिंकलोच.
घरी सांगितलं, घसरून पडलो.

११ जून, दुपारी ४
उष्णतेने चिकटलेलं सुटतं. तिसऱ्या व्हिडिओतला बाबा हेअर ड्रायर वापरा म्हणतो. तो बायकोच्या कपाटात, कपाटाला कुलूप. मेणबत्ती आहे. जाळाचं म्हणाल, तर ही माणसं गिऱ्हाईक अडकवायला काहीही सांगतात.

११ जून, ४.२०
दुरुस्तीवाल्याचं म्हणणं अंशतः बरोबर होतं.
भुवया गेल्या. पडद्याने पेट घेतला. पडदा ओढून बादलीत कोंबला, पेन बुटाने तुडवलं, विझवायला. विझल्यावरही तुडवलं, ते रागाने. निब उरली आहे, चपटी.

१२ जून
बायकोने विचारलं, झालं का. म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय. पडदा धुवायला टाकलाय म्हटलं. भुवयांचं म्हटलं, उन्हाळा.

१४ जून
तिने माझा खण उघडला.
निब आणि जळका तुकडा रुमालात घेऊन थेट दुरुस्तीवाल्याकडे. मी मागोमाग. त्याच्या नाकावर पट्टी होती. मला पाहून हातोडी उचलली, म्हणून मी समोरच्या फुटपाथवर थांबलो. तो म्हणाला, ज्याने हे केलं त्याचे हात तोडायला हवेत. बायको म्हणाली, माझंही तेच मत आहे. निब हातावर घेऊन त्याने खूप वेळ पाहिली आणि नाही म्हणून मान हलवली.
परत येताना ती भर रस्त्यात रडली. वडील गेले तेव्हासुद्धा ती माणसांत रडली नव्हती.

१५ जून, संध्याकाळी
सही झाली. शिपायाच्या बॉलपेनने.
मी तिला सगळं समजावून सांगणार होतो. नळीचा दर्जा, व्हिडिओवाल्याची बेजबाबदारी, कपाटाचं कुलूप. तिने चप्पल काढता काढता एवढंच विचारलं, येत नव्हतं, तर तसं म्हणायला काय झालं होतं?
उत्तर लिहिता लिहिता सुचेल म्हणून वही उघडली. अर्धा तास झाला.
मला येत नव्हतं.