फिनादो कुटुंब

रवि. १४ जाने. २०१८, गॉलवे

आज सकाळी पूजा आटोपून, चहाच्याही आधी, डेंटल फ्लॉस घेऊन बसलो. दातांसाठी नव्हे. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधला फोटो नुसता ओढला तर फाटतो. खालून फ्लॉस करवतीसारखा हळूहळू सरकवत न्यायचा. सतरा फोटो अख्खे निघाले. अठराव्याचा कोपरा गेला, आणि नेमका तोच लूसियाबाईंच्या नवऱ्याचा. चेहरा वाचला, टोपी अर्धी गेली.

सु. म्हणाली, "अहो, दुसऱ्याची ठेव आहे ती. देवाचं नाव घेत करा जरा."

घेतच करत होतो.

रागवायचं कुणावर? अल्बम मीच मागून आणला. लूसियाबाई आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये आहेत. ब्राझीलच्या. नवरा इथून तासाभरावरच्या गावात मांसाच्या कारखान्यात होता. त्यांच्या मुलखातली निम्मी माणसं त्याच कारखान्यात. त्याच्याकडे कॅमेरा होता. रविवारच्या मॅचेस, बारशी, चौकातला त्यांचा जूनचा सण, पावसात ताडपत्रीखाली भाजलेलं मांस, पांढरे गमबूट घालून गेटाशी उभे असलेले लोक. नवरा वारला, अल्बम राहिला. त्या गावच्या इतिहास मंडळाला आता प्रदर्शन करायचंय, आणि नंतर सगळं कौंटीच्या संग्रहात जाणार, कायमचं. मी म्हटलं, माझ्याकडे स्कॅनर आहे, मी करतो.

कुणी विचारलं होतं मला?

शनि. २० जाने.

मंडळाचे फर्गल भेटले. निवृत्त मास्तर. नावं नकोत म्हणाले. "उच्चारणार कोण ती? 'ब्राझिलियन कामगार' लिहू. दॅट'स ग्रँड."

ग्रँड. या देशात सगळंच ग्रँड.

मी म्हटलं, आमच्या कंपनीत लेबल नसलेला खोका दाराबाहेर जात नाही. ही तर माणसं आहेत.

"यू आर ॲन ऑफुल मॅन, विलास." हे कौतुक की शिवी, नऊ वर्षांत कळलेलं नाही. शेवटी म्हणाले, कर तू यादी.

मंगळ. ३० जाने.

यादी झाली. एकसष्ट फोटो. मागे बाईंच्या अक्षरात नावं आहेतच. पोर्तुगीज येत नाही, पण नावाला भाषा कशाला लागते? चौघांच्या नावाआधी 'फिनादो' आहे. फिनादो तियाव (हा बाईंचा नवरा), फिनादो झे कार्लोस, फिनादो निल्टन, फिनादो वांदो. आपल्या शाळेच्या हजेरीपटात असायचं तसंच, आडनाव आधी. चौघे भाऊबंद दिसतात. वांदोपुढे प्रश्नचिन्ह होतं. त्या रकान्यात प्रश्नचिन्ह बसत नाही, काढून टाकलं.

फर्गलना पाठवली. उत्तरात एकच शब्द. कोणता ते लिहीत नाही.

सोम. १२ फेब्रु.

आज तोंड लपवायला जागा नव्हती.

कँटीनच्या रांगेत होतो. इतकी वर्षं 'लूसियाबाई' किंवा त्यांच्याच पद्धतीने 'दोना लूसिया' म्हणत आलो, आणि त्या मला 'सेऊ विलास', म्हणजे विलासराव. आज आडनाव कळल्याच्या तोऱ्यात, आदराने म्हटलं, "गुड मॉर्निंग, मिसेस फिनादो."

बाईंनी डाव खाली ठेवला.

"सेऊ विलास, काय म्हणालात?"

परत म्हणालो. अजून आदराने.

 त्या हसायला लागल्या, ॲप्रन डोळ्यांना लावून. ते हसणं मधेच कधी रडणं झालं, मला कळलं नाही. रांग खोळंबली. शेवटी वर बोट दाखवून म्हणाल्या, "फिनादो म्हणजे देवाकडे गेलेला. आडनाव नाही हो ते. मेलेला!"

म्हणजे आपलं 'कै.'

ज्याच्या देवघरावर दादांचा फोटो आहे आणि त्याखाली 'कै.' लिहिलंय, त्याने ही चूक करावी. आमची इरा सहा वर्षांची असताना तिने तो फोटो वाचून इंग्रजीत विचारलं होतं, आजोबांचं फर्स्ट नेम कै होतं का, आमच्या वर्गात पण एक कै आहे. किती हसलो होतो आम्ही तिला. आज संध्याकाळी घरी सांगितलं. इराने मान वर न करता, "सो यू डिड अ कै, बाबा." सु. स्वयंपाकघरात जाऊन हसली. तेवढी सभ्यता.

मंगळ. १३ फेब्रु.

फर्गलना फोन. चूक सांगितली.  म्हणाले, पत्रकं छापून आली, मोठा फलकही.

कसला फलक?

चार जणांचं एकच आडनाव बघून मास्तरांनी इतिहास लिहून काढला होता. 'फिनादो कुटुंब: इथे प्रथम स्थायिक झालेल्या घराण्यांपैकी एक.' फलक दारातच लावणार. वर ही मंडळी घरात स्पॅनिश बोलतात, हेही छापलंय.

"आता बदलायला उशीर झाला. हू'ल नोटिस, विलास?"

लूसियाबाईंना कळेल. आणि पन्नास वर्षांनी संग्रहात कुणी बघेल त्याला कळणारच नाही, हे त्याहून वाईट.

रवि. १८ फेब्रु.

जपात लक्ष नाही. माळेच्या मण्यामण्याला फिनादो.

आमचे गुरुजी हजेरी घेताना माझं आडनाव चुकीचं वाचत. मी 'हजर' म्हणत नसे. छडी खाल्ली, पण म्हटलं नाही. आठ वर्षांचा होतो. आज पन्नाशीला आलो आणि फर्गलना दुसरा फोन करायला घाबरतो. संग्रहाला कळवायचं तर चूक माझी, हे माझ्या सहीने लिहावं लागेल. कंपनीत चुकीचं लेबल सापडलं की मीच सगळा माल परत मागवतो, लोकांना धारेवर धरतो. इथे मात्र...

गुरु. २२ फेब्रु.

लूसियाबाई घरी आल्या. सु.ने पोहे केले. बाई एप्रिलमध्ये कायमच्या परत चालल्यात, मुलीकडे. एकेका फोटोवर बोट ठेवून नावं सांगितली, मी लिहून घेतली. कोपरा फाटलेला फोटो मी स्वतःहून पुढे केला. त्या म्हणाल्या, "टोपी त्याची नव्हतीच. मागून घातलेली."

मग वांदो.

"इथे प्रश्नचिन्ह होतं. ते कुठे गेलं?"

सांगितलं.

बाई पहिल्यांदाच चिडल्या. "तो परत गेला गावी. नंतर कुणी म्हणालं वारला, कुणी म्हणालं ट्रक चालवतो. नक्की माहीत नाही म्हणून मी तसं लिहिलं. आणि तुम्ही रकान्यासाठी मारलात त्याला?"

 पोहे गार झाले.

शनि. २४ फेब्रु.

उद्घाटन अकराला. प्रदर्शन त्या गावच्या वाचनालयात, तिथे नऊलाच पोचलो. तिथल्या ओळखीच्या बाईंनी दार उघडलं. काल संध्याकाळी कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या होत्या. एकेका फोटोखाली माझ्या हाताने नावं, जशी लूसियाबाईंनी सांगितली तशी. तिघांपुढे 'फिनादो', आणि पहिल्या पट्टीवर त्या शब्दाचा अर्थ. दारातला मोठा फलक उतरवला, गाडीच्या डिकीत आडवा टाकला. मग गाडीत बसूनच संग्रहाला मेल पाठवली. चूक माझी, सोबत दुरुस्त यादी. खाली पूर्ण नाव.

फर्गल आले. रिकाम्या भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जीझस, विलास. तिथे काय लावू मी आता?"

माहीत नाही म्हटलं. सोमवारी मंडळाची बैठक बोलावणार आहेत. संग्रहाचं उत्तर अजून नाही.

लूसियाबाई लिपस्टिक लावून आल्या होत्या. सगळ्या पट्ट्या मोठ्याने वाचल्या, हजेरी घ्यावी तशा. वांदोपाशी थांबल्या. तिथे मी नुसतं नाव लिहिलंय. पुढे प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

"गावी गेले की विचारते," म्हणाल्या. "तोवर जिवंत राहू दे."