चार रंगांतली याडी

प्रिय नुजहत,

तुझ्या तनवीरभाईकडून तुझा पत्ता घेतला. तो फोन नंबरही देत होता, पण फोनवर तू गप्प राहिली असतीस तर मला पुढचं बोलता आलं नसतं.

मी अजून कळंबलाच आहे, शाळेत चित्रकला शिकवते. नऊ वर्षांपासून जुनी पोस्टरं जमवते. फ्लेक्स येण्याआधी तुझे अब्बा, शब्बीरचाचा, जाळीच्या चौकटीतून एकेक रंग ओढून छापायचे ना, तसली. ऑर्केस्ट्रा, सर्कस, बियाण्यांची दुकानं. भडक गुलाबी, पिवळे, ठिपक्याठिपक्यांचे चेहरे. आता शहरातले लोक त्याला पॉप आर्ट म्हणतात आणि काचेत लावतात. मी ती कपाटांच्या पाठीवरून, पेट्यांच्या तळातून वाफ देऊन सोडवते. आमचे उत्तमसिंग विचारतात, हे कायले जमवून राह्यली? नवरा असूनही त्यांना मी खरं सांगितलं नाही. मी एकच पोस्टर शोधत होते.

आपण दहावीत होतो. गावातल्या सोडा कारखान्यासाठी तू माझ्या आईचा, याडीचा चेहरा काढलास. मासिकात पाहिलेल्या परदेशी चित्रासारखा, एकच चेहरा चार चौकोनांत, चार रंगांत. केसांत अडकवून कानांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या, हातात बाटली. बसस्टँडच्या भिंतीवर ते लागलं आणि वर्गातली पोरं मला सोडेवाली म्हणू लागली. मी सगळी पोस्टरं नखांनी ओरबाडली. मग तुमच्या दुकानात येऊन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, तांड्यावरच्या बाईची थट्टा करता तुम्ही. तू काहीच बोलली नाहीस. चाचांनी माझ्यासमोर जाळ्यांवर ब्लीच ओतलं, चित्र धुऊन टाकलं. उरलेले गठ्ठे रद्दीत गेले. त्यानंतर आपण रस्ता बदलून चालायला लागलो.

मागच्या मंगळवारी मुकुटबनला बबनराव किराणावाल्यांच्या फळीवर डब्यांखाली ते अंथरलेलं दिसलं. एक कोपरा उंदरांनी खाल्लेला, हिरवा रंग थोडा सरकलेला. घरी आणून भीत भीत याडीसमोर ठेवलं. ती आता ऐंशीच्या घरात आहे. तिने चष्मा मागितला, चारही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नुजहतनं मले विचारूनच काढलं होतं. दोन बाजारांच्या दिवशी बसली मी तिच्यासमोर. जागची हलली नाही."

मग तेव्हा काहून बोलली नाहीस, मी विचारलं.

"तुले माझी लाज वाटून राह्यली होती. मी काय बोलू?"

तिच्या आवाजात राग नव्हता. मला स्वयंपाकघरात जाऊन बसावं लागलं.

नुजहत, तुला हे ठाऊक होतं. तिने होकार दिला होता, हे एवढंच त्या दिवशी तू सगळ्यांसमोर सांगितलं असतंस तर मी खोटी पडले असते. तू ते गिळलंस. त्यानंतर हातात ब्रश घेतला नाहीस, असं तनवीरभाई म्हणाला. जानेवारीत यवतमाळला माझ्या पोस्टरांचं प्रदर्शन आहे. हे त्यात लावायचं की नाही, ते तू ठरव. लागलं तर खाली तुझंच नाव असेल. पण पत्र त्यासाठी लिहिलं नाही. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती तुझ्या दारात उभं राहून मागायची आहे. ये म्हणालीस तर येत्या रविवारी निघते. याडीला म्हटलं, तुला प्रवास झेपणार नाही. तिने ठेवणीतलं लुगडं काढून उशाशी ठेवलंय.

तुझीच, अजून म्हणू दिलंस तर,
उज्ज्वला