कुंपणाजवळची खुर्ची

दादा (प्रिय लिहायला हात धजत नाही),

सीमा उघडली त्याच दिवशी आलास आणि आईच्या फोटोपुढे गळा काढलास, "साथीनं मायलेकरांची ताटातूट केली." शेजारणीनं तुला पाणीसुद्धा आणून दिलं.

तुझं घर पलीकडे, याच गल्लीच्या टोकाला. मधून दोन देशांची सीमा; साथीत ती बंद झाली आणि तिथे कंबरेएवढं कुंपण आलं. दोन्हीकडची माणसं तिथे येऊन बोलायची. आई रोज खुर्ची टाकून तुझ्या खिडकीकडे बघत बसायची. तू फोनवर म्हणायचास, "नियम म्हणजे नियम." पलीकडचा पहारेकरी मात्र विचारायचा, "जेवलात का, आजी?"

हे पत्र पाठवत नाही. तेही चारचौघांत वाचून रडशील.

आठवण म्हणून ती खुर्ची मागितलीस ना? पहारेकऱ्याला देऊन टाकली.

नावापुरती तुझी,
बहीण