नसलेल्या बायकोचं दुखणं

गुरुजी,

माझं लग्न व्हायच्या आधीच माझी बायको अत्यवस्थ असल्याची बातमी आमच्या घराला तुम्हीच दिलीत. आज ती सत्तरीच्या पुढे आहे, आत भाकरी थापतेय, आणि त्यावरून मला अजून टोमणे मारते. तुम्हाला जाऊन मात्र तीस वर्षं होत आली.

दुष्काळाच्या आदल्या साली मी बहारीनला गेलो होतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात वेल्डिंग शिकलेला, मॅट्रिक नापास, तिसगावची मुलगी ठरवून ठेवलेली. करार दोन वर्षांचा होता. अकराव्या महिन्यात कंपनीचं काम आटपलं आणि साहेबाने आम्हा पंधरा जणांना पत्र्याच्या ऑफिसात एकेक करून बोलावलं. टेबलावर टाइप केलेला इंग्रजी कागद, शेजारी माझा पासपोर्ट, आणि पासपोर्टवर साहेबाचा हात. "सही करो, फिर हाथ उठेगा," मुकादम म्हणाला. मी विचारलं, लिहिलंय काय? "तुम खुशी से जा रहा है." आमच्या आधीच्या तुकडीतल्या एकाने नाही म्हणून पाहिलं होतं. तो आठ दिवस बिनकामाचा, बिनपासपोर्टचा कॅम्पात फिरत होता आणि आम्हाला बघितलं की मान फिरवत होता. मी सही केली.

कागदाची प्रत घेऊन गावी आलो तर ती वाचायला तुम्हीच. वडिलांनी बोलावलं म्हणून शाळा सुटल्यावर आलात. आई चुलीपुढे बसलीय, वडील बाजेवर, आणि लग्नाची तारीख धरायला तिसगावचे होणारे सासरेही नेमके त्याच दिवशी आलेत. तुम्ही चष्मा लावून एकेक ओळ मराठीत सांगताय, वर्गात सांगायचात तशी, खणखणीत. "मी राजीखुशीने नोकरी सोडत आहे. कंपनीवर माझा कोणताही हक्क राहिलेला नाही. कारण," इथे तुम्ही अडखळलात, "कारण माझी पत्नी गावी अत्यवस्थ आहे."

सासऱ्यांची बशी तोंडापाशीच थांबली. "कोन पत्नी?"

"मला बायकोच न्हाई ओ!" मी ओरडलो.

"मंग आजारी कोन हाय?"

आई उलथनं घेऊन उठली. "मुडद्या, लगीन केलंस व्हय तिकडं? आन् तिला आजारी टाकून आलास?" वडिलांची शंका वेगळीच. "गावी म्हनलंय. म्हंजी ती हितंच कुटं तरी हाय." सासऱ्यांनी चहा तसाच ठेवला, टोपी घातली आणि निघून गेले. त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत रजा टाकलीत. माझ्याबरोबर आलेला एक फिटर देवळाली प्रवऱ्याचा होता, त्याच्याकडे आपण गेलो. त्याच्या कागदातही त्याची पत्नी अत्यवस्थ होती. बिचारी वारून चार वर्षं झाली होती. साहेबाने एकच मजकूर पंधरा वेळा टाइप करवला होता, फक्त नावं वेगळी. तुम्ही दोन्ही कागद घेऊन तसेच तिसगावला गेलात, मी मागे. सासऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी एक कागद दुसऱ्यावर ठेवला, दारातल्या उजेडात धरला आणि ओळीवर ओळ बसते का ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"म्हंजी दडपून सही घेतली?"

"पासपोर्ट त्यांच्या ताब्यात होता," तुम्ही म्हणालात.

"सुटून आला ह्येच लई झालं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पर पुन्हा असली बायको करू नगं."

तुम्ही सरकारला अर्जही केलात. पंधरा बायका एकाच दिवशी कशा आजारी पडल्या, याची चौकशी व्हावी म्हणून. उत्तर आलं ते लग्नानंतर: पत्नीच्या आजाराचा डॉक्टरी दाखला जोडावा. बायको म्हणाली, "पडू का मग आजारी?" तुम्ही हसलात, पण चष्मा पुसायला जरा जास्तच वेळ घेतलात. पुढे काही झालं नाही.

त्याआधीची एक गोष्ट, त्या दिवशी तिसगावहून परतताना एसटीतली. नेवासा जवळ आल्यावर म्हणालात, "चूक माझी. चार वर्षं तुला इंग्रजी शिकवलं, आणि 'वाइफ' एवढा शब्द तुला वाचता आला नाही." मग दर रविवारी मला घरी बोलावून पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केलीत. मी लग्न झालेला बाप्या, तुमच्या ओट्यावर बसून मांजर आणि उंदराचं स्पेलिंग पाठ करत होतो.

गुरुजी, मला तो शब्द वाचता आला होता. सगळा कागद वाचता आला होता; मुकादमाला विचारलं ते नुसतं वेळ काढायला. मी साहेबाला म्हणालोही होतो, "मेरी शादी नहीं हुई." तो म्हणाला, "हो जाएगी." आणि मी सही केली. घाबरलो हे सांगण्यापेक्षा इंग्रजी येत नाही हे सांगणं मला सोपं गेलं. तुम्ही उगाच स्वतःला नापास केलंत आणि मी करू दिलं.

आज तुम्ही असतात तरी हे पत्र मी पोस्टात टाकलं असतं असं छातीठोक सांगवत नाही.