घाटमाथ्यावर राहिलेला

माय,

आधी झालं ते क्रमानं लिहिते.

१. पहिल्या बाळंतपणाला तू माहेरी गेलीस. दिवाळी झाली होती, तुझ्या माहेरची माणसं मेंढरं घेऊन घाटमाथ्याकडे निघाली होती. म्हणून तेव्हा तुझं माहेर वाटेवर होतं.

२. मुलगा झाला. थोड्याच दिवसांत गेला. त्याला वरच पुरलं.

३. तू चिकलठाण्याला आबांकडे परत आलीस. काही वर्षांनी मी झाले.

४. माझी दहावीची परीक्षा संपल्यावर ती जागा दाखवायला तू मला घेऊन निघालीस. गाडी मिळाली नाही.

५. त्याच पावसाळ्यात तू काविळीनं गेलीस.

६. येत्या डिसेंबरात आम्ही सहा जण त्याच डोंगरांत चार दिवस पायी जाणार आहोत. आखणी माझ्याकडे आहे.

सहाही जण वाळूजच्या एकाच कारखान्यातले. मी ड्रॉइंग विभागात असल्यामुळे नकाशा आपोआप माझ्याकडे आला, आणि मग बाकीचंही आलं: कुठे किती चढ आहे, डिसेंबरात कोणतं टाकं भरलेलं असतं, मुक्काम कुठे, स्टोव्ह कुणाच्या सॅकमध्ये, कोणी किती वजन उचलायचं. मेंटेनन्समधल्या एकानं काल विचारलं, मॅडम, मीठसुद्धा तोलून घेणार का. मी हो म्हटलं. सगळे हसले. मी खरंच तोलून घेणार आहे. आबांना सांगितलं तेव्हा ते गारखेड्याच्या घरात रेडिओचे सेल बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या वाटंवरून खाली उतरायला आमची जिंदगी गेली. अन् तू हौसेनं वर चढायली." मी जागेबद्दल विचारलं. ते म्हणाले, मी तवा कंपनीत होतो, मला निरोप आला तवा कळलं. मग बराच वेळ सेलच बसवत राहिले.

तू कधी 'मेला' म्हणाली नाहीस. तुमच्या बोलण्यात लेकरू मरत नसे, राहत असे. "तुझा मोठा भाऊ घाटावर राह्यला," एवढंच तू मला सांगितलं होतंस. मी शब्दाचा अर्थ सरळ घेतला. चुलते फुलंब्रीला राहतात, आपण चिकलठाण्याला राहतो, तो घाटावर राहतो. पहिलीत बाईंनी भावंडं विचारली तेव्हा मी एक भाऊ सांगितला. तो कोणत्या शाळेत आहे, असं त्यांनी विचारल्यावर मला पहिल्यांदा काळजी वाटली. त्या थंडीत तू कंपनीतून येऊन भाकरी थापत होतीस. औषधांच्या पॅकिंगचा तो कडवट वास तुझ्या पदराला होता. मी विचारलं, त्याला तिथं गारठा लागत नसेल का? तू परातीतलं पीठ एकत्र ओढलंस. मग तू म्हणालीस, "घोंगडं दिलंय त्याला." माझं समाधान झालं. तू खोटं बोलली नव्हतीस, त्याला पुरताना घोंगडं दिलं होतं, हे मला नंतर कळलं. कसं कळलं ते आठवत नाही. एक दिवस माहीत होतं, एवढंच.

मग दहावीनंतरचा तो बस स्टँड. तू मोठ्या मुश्किलीनं सुट्टी काढली आहेस. पिशवीत भाकऱ्या आहेत, एक नारळ आहे, आणि तू नवं लुगडं नेसली आहेस. विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद आहे, हे आपल्याला स्टँडवर पोचल्यावर कळतं. फलाटावर एकही गाडी नाही. कंडक्टर सांगतो, "बाई, घरी जा. आज डेपोतून चाकसुद्धा हलायचं नाय." तरी आपण बसून राहतो. शेजारी मुंडासं बांधलेला एक म्हातारा आहे, जालन्याला त्याच्या नात्यातलं लग्न आहे, ते चुकतंय. तो सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं म्हणतो, नाव बदलून काय दगडाचं सोनं होणार हाय का, लोकाइला उगं तरास. दोघंतिघं हसतात. तू परक्या पुरुषाशी बोलत नाहीस, हे मला माहीत आहे. पण तू त्याच्याकडे वळतेस आणि हळूच म्हणतेस, "नाव लागतं, बाबा. ज्याला नसतं त्याला इचारा." म्हातारा पिशवी उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसतो. कदाचित तू नामांतराच्या मोर्चातल्यांपैकी आहेस असं त्याला वाटलं असेल.

परत येताना मी विचारलं, असं का म्हणालीस. तेव्हा तू सांगितलंस की भावाचं बारसं झालंच नाही. कानात नाव सांगायच्या आधीच तो राहिला. मनात तू ठरवून ठेवलं होतंस, पण कुणाला बोलली नव्हतीस, आबांनाही नाही. मी म्हटलं, मला सांग. "असं रस्त्यात नाय सांगत. वर गेल्यावर त्याच्यापाशी बसून सांगन. आधी त्यानं ऐकलं पायजे." दिवाळीनंतर पुन्हा निघू, असं आपलं ठरलं.

जागेबद्दल तू दोनच गोष्टी बोलली होतीस. पाण्याच्या वरच्या अंगाला सपाटी आहे, आणि तिथून कोकणाकडचा कडा दिसतो. नकाशावर अशा दोन सपाट्या आहेत. एक डोंगराच्या उत्तरेकडच्या धारेवर, एक दक्षिणेकडच्या. चार दिवसांत एकच धार होते. दोन्ही बसतात का, हे मी तीन प्रकारे आखून पाहिलं. बसत नाहीत. त्या वेळी मेंढरांच्या तळावर असलेली तुझ्याकडची माणसं आता कोणी राहिलेली नाहीत. हा शब्द मीही असाच वापरते, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

बाकीच्यांना मी काही सांगितलेलं नाही. उत्तरेकडे सूर्यास्त चांगला दिसतो की दक्षिणेकडे, यावर ते वाद घालताहेत. मी मुद्दाम त्यात पडत नाही. डोंगरांची आवड आहे म्हणून मी आखणी घेतली, असं सगळे समजतात. मला डोंगरांची आवड नाही, माय. मला उंचीची भीती वाटते.

हे पत्र मी कुणाला देणार नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी रस्ता पक्का करून सगळ्यांना सांगायचा आहे. शुक्रवारपर्यंत कळव, उत्तरेकडे की दक्षिणेकडे. ते आठवत नसेल तर राहू दे, मी एक धार निवडीन. मग नुसतं नाव कळव. कोणत्याही सपाटीवर बसून म्हणता येईल.