एका पायावर साडेतीन महिने

गुरुवार, १३ जून १९५७. बेंबळी

शिट्टी बाजूला ठेवा म्हणे आता!

शाळा उघडून चार दिवस झाले नाहीत. हेडमास्तर व्यंकटरावांनी बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे. एरवी ड्रिलमास्तराला खुर्ची कोण देतं? म्हणाले, "खाजामियाँ, आपण आता मुंबई राज्यात. ड्रिलचा नवा अभ्यासक्रम आलाय. हुकूम मराठीतून द्यायचे. आणि बारा आसनं शिकवायची." कसली आसनं? "योगाची!" सप्टेंबरात साहेब तपासणीला येणार. मास्तरानं स्वतः करून दाखवायचं. नाही जमलं तर जागा राहील याची खात्री नाही.

दुसरा एक कागद हातात ठेवला. निजामाच्या जुन्या राज्याचे तीन तुकडे झाले, म्हणून सरकारी नोकरांना मुभा. ज्याला आंध्राकडे जायचंय त्यानं फॉर्म भरायचा, ३० सप्टेंबरच्या आत. राहणाऱ्यानं काही भरायचं नाही. एकदा भरला की माघार नाही.

वय सत्तेचाळीस. सत्तावीस वर्षं मैदानात गेली. "होशियार!" म्हणून ओरडलो की बाजारातले बैलसुद्धा कान टवकारतात. आणि आता मी योगी होऊ?

ही वही पण व्यंकटरावांनीच दिली. "रोज चार ओळी लिहा, हात बसेल." मराठी बोलतो जन्मापासून, पण लिहिलं सगळं उर्दूत. घरात दखनी, दाराबाहेर मराठी. वहीत मराठीच लिहीन. कोण वाचणार आहे!

शुक्रवार, १४ जून

फॉर्म पेटीत टाकला. कुलूप घातलं. किल्ली सकिनाकडे — घरच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला. "कसला कागद?" म्हणाली. सगळं सांगितलं. हूं का चूं नाही.

आमची मदिना येडशीला दिलीय, जावई स्टेशनवर कामाला. तिला पाचवा महिना. सकिना त्याबद्दलही काही बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. बायको गप्प बसली की मला भीती वाटते.

मंगळवार, १८ जून

आसनांचा तक्ता आला. बारा चित्रं. पहिल्या चित्रात माणूस एका पायावर उभा, हात जोडून वर केलेले. वृक्षासन.

सातवीचा वर्ग मैदानात घेतला. शिट्टी मारली. "एका पायावर — उभे!" उभे राहिले सगळे. तोंडं उतरलेली. एक जण रडवेला होऊन म्हणतो, "गुरुजी, आमी काय केलं?"

काय सांगू! सत्तावीस वर्षं ज्याला ज्याला एका पायावर उभं केलं ते शिक्षा म्हणूनच. आता तीच शिक्षा तपासायला साहेब येणार! माझं मलाच हसू येत होतं. हसलो नाही. पोरांसमोर मी हसत नाही.

सोमवार, २४ जून

थोरल्या भावाचं, बाबामियाँ भाईंचं पत्र आलं. आसनांचं मीच कळवलं होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली ते हैदराबादला गेले, तिथंच एका शाळेत ड्रिल शिकवतात. लिहितात — "इथं उर्दू आहे, ड्रिल आहे, शिट्टी आहे. तू तिथं म्हातारपणी कोंबडा होऊन काय करतोस? फॉर्म भर आणि ये."

अठ्ठेचाळीस साली अर्धी गल्ली उठली. मी उठलो नाही. लोक म्हणाले, खाजामियाँ वेडा आहे. मी म्हटलं, मी हलत नाही. आजवर तेच माझं भूषण. पण तेव्हा कुणी वाकायला सांगितलं नव्हतं!

मंगळवार, २ जुलै

चमक भरली. पुढं वाकून पायाचे अंगठे धरायचे होते. एक — दोन — तीन — झटका! तीनलाच कमरेत कट्ट झालं. पोरांनी धरून घरी आणलं. सकिनानं करडईचं तेल कोमट करून चोळलं. चोळता चोळता पुटपुटली, "वाळल्या लाकडाला असं वाकवत्यात व्हय?"

बुधवार, ३ जुलै

उठता येत नाही. मी हलत नाही म्हणायचो ना? घे आता.

गुरुवार, ११ जुलै

बकरीदच्या गडबडीत वही राहिली. कंबर बरी आहे.

सिद्रामप्पा भेटायला आले. ओढ्याकाठी त्यांचा पानमळा. सत्तर वर्षांचे. रोज सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन तासभर पूजेला बसतात — लिंगायतांची रीत. माशी बसली तरी हात हलत नाही. तरुणपणी एका मठात राहून आसनं शिकलेले. हे गावात सगळ्यांना ठाऊक, फक्त मलाच आज कळलं. म्हणाले, "मास्तर, वाकताना दम कुठं ठेवता?"

म्हटलं, "छातीत. रोखून."

"तेच! चोर दडवल्यावानी दडवता. मग कंबर बोंबलणार न्हाय तर काय?"

राग आला. पण म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? चहा दिला.

शुक्रवार, २६ जुलै

आज हद्द झाली. वृक्षासन दाखवताना सगळ्या वर्गासमोर आडवा झालो. सरळ, ताठ, ओंडका पडतो तसा. पोरं आधी घाबरली, मग एक खुदकला, मग सगळे. ज्या पोरांनी मला बघून चड्डीत मुतावं ती हसली!

तडक घरी आलो. सकिनाला म्हटलं, किल्ली दे, फॉर्म भरतो. पुरे झालं. तिथं मला होशियार म्हणता येईल, ताठ उभं राहता येईल. सकिना जोंधळे पाखडत होती. वर न बघता म्हणाली, "किल्ली कणगीत पडली. जोंधळा उपसल्याबिगर निघत न्हाय. उद्या बघते."

उद्या तर उद्या. दोन महिने आहेत अजून. झोपतो आता.

शनिवार, २७ जुलै

राग उतरला. किल्लीचं विचारलं नाही. सिद्रामप्पांकडे जायचं ठरवलं. लाज सोडून.

शनिवार, ३ ऑगस्ट

आठवडा झाला रोज पानमळ्यात जातोय. एक आसन शिकवलं नाही! म्हणाले, "आधी येल बांधा." लव्हाळ्याची पात घ्यायची, पानवेल शेवरीच्या झाडाला बांधत वर न्यायची. एवढंच. मला वाटलं, फुकटचा गडी मिळाला म्हाताऱ्याला! तरी बांधल्या. चाळीस गाठी, सगळ्या एका ओळीत, कवायतीसारख्या. एक पण सैल नाही.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

माझ्या ओळीतल्या वेली पिवळ्या पडल्या. सिद्रामप्पांची सून इरम्मा कपाळावर हात मारून म्हणते, "मास्तर, येल बांधायला सांगितला व्हता, फाशी द्यायला न्हाय!"

सिद्रामप्पा रागावले नाहीत. एक गाठ सोडून परत बांधली. पात आणि वेल यांच्या मधे माझी करंगळी घातली. "एवढी जागा पायजे. घट बांधला तर येल मरतो. सैल सोडला तर भुईवर लोळतो. वाढणाऱ्या जिवाला आधार बी पायजे आन जागा बी."

मग म्हणाले, "आसन बी ह्येच की. अंग डगमगू नये आन जीव आखडू नये. दोन्ही एका टायमाला. नुसतं अंग धरलं तर ती शिक्षा झाली, मास्तर."

शिक्षा! बरोबर तोच शब्द. सत्तावीस वर्षं मी शिक्षाच शिकवली का? दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

मंगळवार, २० ऑगस्ट

आज वज्रासन. पाय दुमडून टाचांवर बसायचं. बसलो की लगेच. सिद्रामप्पा बघतच राहिले. "हे कुठं शिकला?" म्हटलं, नमाजात बसतो तसंच आहे थोडंसं. म्हणाले, "मग तिथं कोण शिट्टी मारतंय तुमाला?"

फणकारून म्हटलं, "अप्पा, नमाजला मधे आणू नका. नमाज नमाज आहे, आसन आसन."

"न्हाय आणत. म्या फकस्त बसण्याचं विचारलं."

बुधवार, २१ ऑगस्ट

सकाळच्या नमाजात बसलो तेव्हा ध्यानात आलं. पाठ सरळ. पण धरलेली नाही. खांदे आपसूक खाली. दम आपला येतोय, जातोय. लहानपणापासून रोज पाच वेळा असा बसतोय. आणि मैदानात पाय ठेवला की तेच अंग लाकूड होतं!

नमाज अल्लाची. पण बसणं तर माझंच आहे ना? तेवढं मैदानात न्यायला काय हरकत आहे?

शुक्रवार, ३० ऑगस्ट

पायाचे अंगठे हाताला लागले!! झटका नाही, आकडे नाहीत. दम सोडत गेलो आणि लागले. सकिनाला दाखवलं. "बुटाच्या नाड्या तरी आता स्वतः बांधा," म्हणाली. पण हसली.

रविवार, ८ सप्टेंबर

एका पायाचं काही जमेना. उभा राहतो, घोटा थरथरतो, थरथर थांबवायला जातो आणि पडतो. सिद्रामप्पांना म्हटलं, न हलता कसं उभं राहायचं ते सांगा. ते उभे राहिले. सत्तराव्या वर्षी, एका पायावर, चिखलात. "खाली वाकून घोटा बघा." बघितला. हलत होता! बारीक बारीक, सारखा.

"जित्या माणसाचा घोटा हलणारच. खांब हलत न्हाय, म्हणून पडला की अख्खा पडतोय."

परतताना हेच डोक्यात. बाबामियाँ भाई गेले, आणि तिथं जाऊन तसेच राहिले. तोच हुकूम, तीच शिट्टी. मला इथं राहायचं तर वाकावं लागतं. न वाकता राहायचं तर जावं लागतं. मग हललं कोण आणि टिकलं कोण? या अल्ला, काय कोडं घातलंस!

गुरुवार, १९ सप्टेंबर

वर्गाला खरं सांगितलं. म्हटलं, ही शिक्षा नाही. मलाही येत नव्हतं, तुम्ही बघितलंच. घोटा हलला तर हलू द्या. पडलात तर हसा, मग परत उभे राहा. सगळे पडले, सगळे हसले. मी पण हसलो. तो रडवेला पोरगा सगळ्यांत जास्त वेळ उभा राहिला.

शिट्टी आठ दिवस खुंटीला आहे. कुणी मागितली नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

उद्या साहेब. "होशियार"च्या जागी आता "दक्ष". शंभर वेळा घोकलं. दक्ष, दक्ष, दक्ष. सकिना म्हणाली, "बकरीला बी पाठ झालं आता."

गुरुवार, २६ सप्टेंबर

लिहितो. जसं झालं तसं.

साहेब आले. जाडजूड, चष्मा, तोंडावर रेघ हलत नाही. मैदानाच्या कडेला खुर्चीत बसले. शेजारी व्यंकटराव घाम पुसत. वर्ग ओळीत उभा. मी पुढं गेलो, छाती भरून घेतली, आणि तोंडातून निघालं —

"होशियार!"

मेलो! दक्ष गेलं कुठल्या कुठं. सत्तावीस वर्षांची जीभ, ती आपल्या वाटेनंच गेली. व्यंकटरावांनी डोळे मिटले.

आणि साहेब — खुर्चीतून ताडकन उठले! टाचा जुळलेल्या, हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. साहेब स्वतः दक्ष! मग त्यांच्याच ध्यानात आलं. कानापर्यंत लाल झाले. खो-खो हसत सुटले. म्हणाले, "मास्तर, मीपण निजामी शाळेतलाच! आमचे ड्रिलमास्तर चुकलं की पोटरीवर छडी हाणायचे. अजून पाय विसरले नाहीत."

मग मी हळूच म्हटलं, "दक्ष." वर्ग आधीच दक्ष होता.

आसनं झाली. शेवटी पहिल्या चित्रातलं वृक्षासन, मी स्वतः. एका पायावर, हात वर. घोटा हलत होता. हलू दिला. दम येत होता, जात होता. समोर शाळेचं छप्पर, त्यावर कावळा. हललो. पडलो नाही. कावळा उडून गेला तरी मी उभाच होतो, साहेबांनी "पुरे" म्हटलं तेव्हा पाय खाली आला.

शेरा लिहिला — "समाधानकारक. मास्तर स्वतः उत्तम करतात." जागा राहिली! व्यंकटरावांनी मिठीच मारली. संध्याकाळी पेढे घेऊन पानमळ्यात गेलो. सिद्रामप्पा म्हणाले, "पेढे ठेवा तिथं. आधी त्या येलाची गाठ बघा, करंगळी जाती का." गेली.

शनिवार, २८ सप्टेंबर

बाबामियाँ भाईंना पत्र टाकलं. मी येत नाही. इथंच राहतो. रागावू नका. सवड काढून या, मदिनाच्या बाळाला बघायला तरी या. तुमची कंबर वाकते का ते पण बघू.

पत्र टाकलं आणि अंग हलकं झालं. ठरवायला साडेतीन महिने लागले. पण माझं मी ठरवलं.

रविवार, २९ सप्टेंबर

फॉर्म फाडावा म्हणून किल्ली मागितली. सकिनानं कमरेची सोडून दिली. पेटी उघडली. फॉर्म नाही. कपडे उपसले, तळ खरवडला. नाही. चुलीपाशी जाऊन विचारलं.

भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यो कागद व्हय? बकरीदच्या आदल्या दिवशी जाळला. सरपण ओलं व्हतं."

म्हटलं, "अगं, आणि मी जायचं ठरवलं असतं तर?"

भाकरी उलटली, आणि म्हणाली, "कशावर सही करून?"