एकही बोंब आली नाही

गुरुवार, १९ तारीख
दुपार

ती. ताईस,

नमस्कार. इथे 'साष्टांग' लिहायची पद्धत आहे, पण आज माझी मान तेवढी वाकत नाही, म्हणून नुसताच नमस्कार. भावजींना मात्र पूर्ण नमस्कार सांग. त्यांनी काही केलेलं नाही.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायचं असतं. बाबांच्या खुब्याचे टाके निघाले. चालायची चौकट धरून ते पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जातात. व्यायाम शिकवायला एक बाई येतात, त्यांना बाबा 'हेडबाई' म्हणतात आणि त्यांच्यासमोर अजिबात कण्हत नाहीत. त्या गेल्या की मागची सगळी थकबाकी कण्हून काढतात. जेवण बरं आहे. मुकादमाने मला सध्या जवळच्या मोबाइल टॉवरांची कामं दिली आहेत, त्यामुळे मी रोज संध्याकाळी घरी असतो. हे फार दिवस चालणार नाही. टोळी पुढे सरकली की मलाही जावं लागेल.

फोन करायचा सोडून पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू मला तीन वाक्यांत गप्प करतेस. मेसेज केला तर अंगठा पाठवतेस. कागदावर मी बोलत असताना तुला मध्येच 'ऐक ना' म्हणता येणार नाही. आधी कच्चं लिहिलं, आता पक्कं लिहितोय. तरी ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर अर्धवट सुटलेल्या शाळेला दोष दे. टोळीत मला 'कानामात्रा' म्हणतात, तेवढी तरी अब्रू राखायचा प्रयत्न आहे.

तुझं पार्सल मिळालं. त्यात गळ्यात घालायची नवी डबी निघाली, बटण दाबलं की आपल्याला फोन लावणारी, आणि तिच्याखाली म्हाताऱ्यांच्या निवासाचं माहितीपत्रक. त्यावर एक आजोबा झाडांना पाणी घालताना हसताहेत. इतकं हसून झाडांना पाणी घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सोबत तुझी चिठ्ठी: 'फोनवर तू म्हणालास तसं बाबा नवी डबी घालायला तयार नसतील, तर त्यांना एकटं ठेवता येणार नाही. पहिल्या तारखेपासून खोली ठरवली आहे. गाडी पाठवते.'

गाडी पाठवते. स्वतः येते, असं नाही.

आणि खाली तू लिहिलंस, 'झालं ते वाईटच झालं, पण थ्रीजी बंद होणं अटळ होतं.'

ताई, ते अटळ होतं हे मला माहीत आहे. मला ते तूच शिकवलंस. मी टोळीत लागलो तेव्हा तू स्वयंपाकघरातले डबे ओट्यावर मांडून सगळं समजावलं होतंस. आधी नुसतं बोलणं जायचं, मग अक्षरं जायला लागली, मग चित्रं. दर पिढीला टॉवरखाली स्वतःचं वेगळं कपाट आणि हवेतली स्वतःची वेगळी पट्टी. पट्ट्या मोजक्याच, त्यामुळे नव्याला जागा द्यायची तर जुन्याची काढून घ्यावी लागते. जुन्यात प्रत्येक बोलण्यासाठी अख्खी वाट राखून ठेवायचे, मग बोलणारा गप्प बसला तरी वाट अडलेलीच. नव्यात बोलणंही बारीक तुकडे करून बाकीच्या सगळ्यांबरोबर एकाच रस्त्यावरून पाठवतात. आणि थ्रीजीत टॉवरांवर देखरेख करायला मध्ये एक डबा असायचा, तो फोरजीत काढूनच टाकला. आता टॉवर थेट मुख्य केंद्राशी बोलतो. मी हे मुकादमाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे मधला मुकादम उडवला. कुणाचं डोकं हे?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या ऑफिसचं." तर म्हणाला, "तरीच तुझा पगार वेळेवर होतो आणि माझा होत नाही."

हे सगळं मला पटलेलं आहे. जुनी कपाटं मी स्वतः दोर लावून उतरवतो आणि मला त्यांचं काडीचं वाईट वाटत नाही. तेव्हा जग पुढे जातं, हे मला समजावू नकोस. तुझं सगळं बरोबर असतं. तेच मला सहन होत नाही.

मला बोलायचंय ते बोंब-आठवड्याबद्दल. तुमच्या कागदांवर त्याचं नाव काहीतरी सभ्य असेल. आम्ही बोंब-आठवडा म्हणतो. जुनं जाळं काढायच्या आधी ते नुसतं कुलूप लावल्यासारखं बंद करायचं, सामान जागेवरच ठेवायचं, आणि आठवडाभर थांबायचं. कुणी बोंब मारली तर कुलूप काढायचं. नाही मारली तर आम्ही वर चढायचं.

तो आठवडा आम्ही शेजारच्या गावात भाड्याच्या खोलीत पत्ते खेळत काढला. मुकादम रोज सकाळी ऑफिसला फोन लावायचा. "आली का बोंब?" तिकडून "नाही." "एकही नाही?" "एकही नाही." मग तो पत्ते पिसायचा आणि म्हणायचा, "फार गुणी जिल्हा आहे. वाटा रे."

आठवडा संपल्यावर तुमचा आदेश आला. तक्रारी शून्य, सामान उतरवा. खाली तुझ्या विभागाचं नाव होतं. टोळीतल्या पोरांना मी ते कौतुकाने दाखवलं, हेही लिहून ठेवतो.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी बाबा न्हाणीघरात पडले होते.

दवाखान्यात तुला मी फक्त 'घसरले, शेजारच्यांनी पाहिलं' एवढंच सांगितलं होतं. तूही पुढे विचारलं नाहीस. आता सगळं वाच.

सकाळी ते घसरले. जुनी डबी गळ्यातच होती, तू आणलेली, थ्रीजीवरची. त्यांनी बटण दाबलं. डबीवरचा हिरवा दिवा लागला, कारण दिवा बॅटरीचा आहे, जाळ्याचा नाही. आतली बाई म्हणाली, "फोन लावत आहे, कृपया थांबा." ती बाईही डबीतच भरलेली आहे, तिला बाहेरच्या जगाचं काही ठाऊक नसतं. बाबा थांबले. पुन्हा दाबलं. पुन्हा ती म्हणाली, कृपया थांबा. आणि आपले बाबा कसे आहेत तुला माहीत आहे. कुणी कृपया म्हटलं की ते थांबतात. त्यांनी हाका मारल्या नाहीत. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "ती थांबा म्हणत होती ना. लागत असेल."

दुपार उलटली तेव्हा वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली तणतणत खाली आली. आपल्या न्हाणीतला नळ सकाळपासून उघडा होता, टाकी रिकामी झाली होती आणि तिच्याकडे थेंब येत नव्हता. ती भांडायला आली होती. बंद दाराबाहेरून तिने जे काय सुनावलं ते बाबांनी आतून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं खरं आहे, पण मला उठता येत नाहीये." मग तिने कुलूपवाल्याला आणलं.

त्या आठवड्यात जिल्ह्यातली एक तक्रार न्हाणीघरात फरशीवर पडून होती, ताई. ज्या वाटेने ती तुमच्यापर्यंत आली असती, तीच वाट तुम्ही बंद करून बसला होतात, आणि तक्रार येत नाही म्हणून कागदावर शून्य लिहीत होतात. आम्हीही पत्ते वाटत होतो. तुला तारीख माहीत होती. मलाही होती. डबी कुठल्या जाळ्यावर चालते हे तुलाही ठाऊक होतं आणि मलाही. मला वाटलं, ताईने आणलीय, ताई बदलेल. तुला वाटलं असेल, तो तिथे जातो-येतो, तो बघेल. आई होती तोवर असं झालं नसतं. तिने तुला एक फोन केला असता, मला एक शिवी घातली असती, आणि डबी बदलली असती. ती गेल्यावर तू म्हणालीस, आता आपण दोघं थेट बोलत जाऊ. किती वेळा बोललो, सांग.

यापुढचं लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

दवाखान्यात ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर बाबा पहिलं काय म्हणाले? "तिला रागावू नकोस. मिटिंगमध्ये असेल, म्हणून उचलला नसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तूही वर चढलेला असशील. वर असताना फोन घ्यायचा नाही, मीच सांगितलंय तुला."

त्यांना वाटत होतं की फोन आपल्या दोघांकडे वाजला. सारखा वाजला, आणि आपण उचलला नाही. आणि तरी ते आपली समजूत घालत होते.

मी मान हलवली. म्हणालो, "हो, वर होतो."

का, ते मला धड सांगता येत नाही. जाळंच बंद होतं म्हटलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, "जाळं तर तिच्याच हातात आहे ना?" तुझं ऑफिसातलं पद ते दवाखान्यातल्या झाडूवालीलाही सांगत होते. त्यांच्या तोंडून ते बंद व्हावं, हे मला नको होतं. आणि कुठेतरी असंही वाटलं की समजू दे त्यांना, लेक उचलत नाही. तेवढी वाईट बुद्धी माझ्यात आहे.

पण त्याचा परिणाम वेगळाच झाला. ते नवी डबी नको म्हणत होते, हा हट्ट नव्हता. मला म्हणाले, "तुम्ही दोघं कामाची माणसं. पडलो तर पडलो. उगीच वाजवून तुम्हाला कानकोंडं कशाला करायचं?" डबी ते तुला आणि मला लाज वाटू नये म्हणून घालत नव्हते. आणि डबी घालत नाहीत म्हणून तू त्यांना घरातून हलवायला निघालीस.

म्हणून आज रजा टाकून सकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. जाळं, कुलूप, बोंब-आठवडा, पत्ते, मी वर नव्हतो तेही. तुझा विभाग, तोही. ते खिडकीकडे बघत ऐकत होते. मग एवढंच विचारलं, "म्हणजे तिच्याकडे तो वाजलाच नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, बाबा."

मला वाटलं, तुला बोलतील. मला तरी बोलतील. त्यांनी चष्मा मागितला, पार्सलातली डबी काढून गळ्यात घातली आणि म्हणाले, "बघू तर खरं." आणि बटण दाबलं.

अकराच्या सुमारास तुला एका अनोळखी नंबरावरून फोन आला होता. दोनदा वाजला आणि तू तो तोडलास. नुसता उचलला नसतास तर पूर्ण वाजला असता, इतकं मला कळतं. तो तुटला, तसा डबीने दुसरा नंबर म्हणून माझा लावला, माझ्या खिशात घंटी वाजली, आणि बाबा हसले. मोकळे हसले, पडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "आधी तिच्याकडे वाजला ना? बस." तू तोडलास हे त्यांना कळलं. त्याचं त्यांना काही नाही. फोन पोचला, यातच त्यांचं सगळं आलं. डबी त्यांनी अजून काढलेली नाही.

मला मात्र त्याचं खूप काही आहे. समजूत घालणारे फक्त तेच आहेत.

पहिल्या तारखेला गाडी पाठवू नकोस. आली तर मी रिकामी परत पाठवीन, आणि ड्रायव्हरसमोर तुझ्याबद्दल काय बोलेन ते मला आत्ता सांगता येत नाही. शिवणकामवाली सकाळ-दुपार डोकावणार आहे, तिने स्वतःच सांगितलं. म्हणाली, "आता पाण्यासाठी तरी लक्ष ठेवावंच लागेल." टोळी पुढे सरकली तरी मी मुकादमाकडून रोज घरी परतता येईल अशीच कामं मागून घेणार आहे. पगार कमी होईल, होऊ दे.

तू एवढंच कर. सकाळी तोडलेल्या त्या नंबरावर उलट फोन लाव. डबी तिकडून आपोआप उचलते, त्यांना काही दाबावं लागत नाही. फक्त 'अटळ' हा शब्द वापरू नकोस. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी लाव. ते थांबतील.

अजून रागातच असलेला,
तुझा धाकटा भाऊ